गुडघे दुखतात? मग पाण्यात चाला

दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना मधुमेह, ही गोव्याची स्थिती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आले, तेव्हा २६.४ टक्क्यांसह आपले राज्य देशात सर्वांत वर होते. त्यावर डॉक्टरांचा पहिला सल्ला असतो, रोज चाला. पण डिचोलीच्या चढउतारांवर राहणाऱ्या पन्नाशीतल्या अनेकांचे गुडघे तेवढे चालू देत नाहीत. चालणे सुटले की वजन वाढते, वाढलेले वजन गुडघ्यांवर येते आणि दुखणे आणखी बळावते. अशांसाठी छातीभर पाण्यातला व्यायाम आहे, आणि त्यासाठी पोहता यावे लागत नाही.

पाणी नेमके काय करते?

कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो. छातीपर्यंत उतरलो की तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो आणि मानेपर्यंत गेलो तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. सत्तर किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना छातीभर पाण्यात वीस-पंचवीस किलोंचाच भार पेलावा लागतो. जमिनीवर जो पाय वाकवताना कळ येते, तोच पाण्यात सहज वर उचलता येतो.

भार हलका झाला म्हणून मेहनत कमी होते, असे मात्र नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. हात वा पाय दुप्पट वेगाने हलवला तर पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे व्यायाम किती कठीण करायचा हे आपल्या वेगावर ठरते. दमलो की सावकाश व्हायचे, विरोध आपोआप कमी होतो. शिवाय पाय पुढे ढकलताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना काम पडते आणि मागे ओढताना मागच्या.

पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो, त्यामुळे पायांची सूज उतरायला मदत होते. त्याच कारणाने नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा थोडे कमी पडतात. म्हणून श्रम नाडीवरून मोजू नयेत. शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की पुरे.

गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातावर झालेल्या तेरा चाचण्यांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेने २०१६ मध्ये घेतला. पाण्यातल्या व्यायामाने वेदना आणि हालचालींतली अडचण थोडी पण जाणवण्याइतकी कमी झाल्याचे त्यात दिसले. हा लाभ अल्पकाळाचा होता, त्यामुळे सातत्याला पर्याय नाही.

सुरुवात कशी करावी?

पायऱ्या आणि धरायला दांडी असलेल्या जलतरण तलावात उतरावे. आधी पाच मिनिटे पुढे, मागे आणि आडवे चालावे. मग भिंत धरून एकेक गुडघा वर घ्यावा, पाय बाजूला आणि मागे न्यावा. शेवटी तळवे उघडे ठेवून हात पाण्याखाली पुढे-मागे ढकलावेत. पहिले काही आठवडे वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा, एवढेच ठेवावे. पाण्यात घाम कळत नाही, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्यावे.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा फेफरे असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरावे. मधुमेहींनी पाण्यात घालायचे बूट वापरावेत आणि बाहेर आल्यावर तळपाय नीट पाहावेत. बधिर पायाला जखम कळत नाही. उघडी जखम असेल तर तलावात जाऊच नये. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होऊ लागतात आणि हाडांना मजबुतीसाठी भार लागतो. तो पाण्यात पुरेसा मिळत नाही, म्हणून झेपेल तेवढे जमिनीवर चालणे आणि हलकी वजने उचलणे सोडू नये.

पाणी आहे, जागा हवी

आमच्या डिचोली तालुक्यात पाण्यात उतरणे परके नाही. शिरगावला लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालण्याआधी तळीत न्हातात, गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर माणसे स्नानाला येतात. मयेचे तळे, आमठाणे धरण, हरवळ्याचा धबधबा, पाण्याने भरलेले खाणींचे खंदक, सगळे जवळच आहे. मात्र यातले कुठलेही पाणी या व्यायामाचे नव्हे. खाणीचे उतार टप्प्याटप्प्याने कापलेले असतात. एक पाऊल पुढे पडले की तळ नाहीसा होतो. अशा खंदकांत कुणीही उतरू नये.

हवा आहे तो देखरेखीखालचा उथळ तलाव. पणजीच्या कांपालसारखे मोठे तलाव शर्यतींचा विचार करून बांधले जातात. गुडघे दुखणाऱ्याला छातीइतके, फार गार नसलेले पाणी लागते. बायकांना संकोच न वाटणारी वेळ, बाई प्रशिक्षक आणि पोहण्याचा अंगभर पोशाख चालेल असा नियम लागतो.

यासाठी प्रत्येक ठिकाणी नवी वास्तू उभारायची गरज नाही. तालुक्यातल्या लोकांना सोयीच्या तलावांनी आठवड्यातल्या दोन सकाळी, एकेक तास, न पोहणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. नगरपालिका, पंचायती आणि महिला मंडळांनी ही मागणी लेखी करावी, जाण्यायेण्याला बसची सोय करावी. गुडघे दुखतात म्हणून ज्यांनी व्यायाम सोडून दिला आहे, त्यांना तो पुन्हा सुरू करता येईल.