चुन्याचा टाकाऊ गाळ आणि ग्रामीण बांधकाम

कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याची क्रिया करून वेल्डिंगसाठी लागणारा ॲसिटिलिन वायू तयार करतात. या क्रियेत मागे उरणारा करडा-पांढरा गाळ म्हणजे मुख्यतः विरलेला चुनाच होय. ६४ किलो शुद्ध कार्बाइडपासून, कोरड्या वजनाने, ७४ किलो चुना निघतो. म्हणजे कच्च्या मालापेक्षा टाकाऊ भागच वजनाने अधिक भरतो. उघड्यावर पडलेला हा दाहक गाळ पावसाबरोबर वाहत जाऊन पाणी दूषित करतो.

रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा गाळांपासून बांधकामाचे साहित्य तयार करण्यावर संशोधन केले आहे. मात्र सर्व गाळ सारखे नसतात. कागद कारखान्यातील गाळ मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो; तो भाजल्याशिवाय त्याचा चुना होत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक साखर कारखान्यांत गंधकीकरणाची पद्धत असल्याने तेथील प्रेसमड सेंद्रिय असते. तिची जागा शेतातच आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींची, मातीच्या मसाल्यात बांधलेली घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. चुन्याचा मसाला मातीपेक्षा बळकट असतो. नुसता चुना सावकाश घट्ट होतो. परंतु त्यात सुरखी किंवा परळी वैजनाथसारख्या औष्णिक विद्युत केंद्रातील उडती राख मिसळल्यास तो ओलाव्यातही घट्ट होतो. अशा मिश्रणासाठी भारतीय मानक ४०९८ उपलब्ध आहे. अर्थात, केवळ मसाल्याने घर भूकंपरोधक होत नाही; भिंतींत आडवे पट्टे व आरपार बंधदगड हवेतच.

काळ्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्यांनाही चुना उपकारक ठरतो. मातीच्या वजनाच्या साधारणतः ३ ते ५ टक्के चुना मिसळल्यास तिचे फुगणे व आकसणे कमी होते.

तथापि काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ताज्या गाळात ज्वालाग्राही वायू अडकलेला असू शकतो; म्हणून त्याच्याजवळ विस्तव नेऊ नये. डोळे व हात सांभाळावेत. गाळाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, मिश्रणाचे प्रमाण तपासणीनंतरच ठरवावे आणि बांधकामावर पुरेसे दिवस पाणी मारावे. लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटऐवजी हा चुना वापरू नये. ही दक्षता घेऊन ग्रामपंचायतींनी प्रथम कुंपणभिंत, गिलावा अशा लहान कामांपासून प्रारंभ करणे हिताचे ठरेल.