पायाचे चित्र काढणारे डॉक्टर

शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात मोडतो. आपण सुईने तो काढतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. पण कधी कधी काटा निघतो आणि त्याच्याबरोबर आत गेलेली माती मात्र तिथेच राहते. काही महिन्यांनी गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पुढे पाऊल सुजते. त्याला जागोजाग भोके पडतात. त्यांतून पू वाहतो आणि पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. कधी बंदुकीच्या दारूसारखे काळे, कधी पांढरट.

हे दाणे कसले? एका डॉक्टरांनी ते नीट पाहिले आणि त्यांचे चित्र काढले. त्यांचे नाव हेन्री व्हॅन्डाईक कार्टर. ते इंग्लंडचे, पण नोकरी त्यांनी आपल्याकडे केली.

कार्टर १८३१ साली जन्मले. वडील चित्रकार होते. मुलगा डॉक्टरी शिकला, पण हातची पेन्सिल काही सुटली नाही. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हेन्री ग्रे नावाचे डॉक्टर होते. शरीरात हाडे कुठे, शिरा कुठे, हे सांगणारे पुस्तक काढायचे, असे दोघांनी ठरवले. ग्रे लिहिणार आणि कार्टर चित्रे काढणार. दोघे मिळून प्रेते चिरून आत पाहत. ती प्रेते कोणाची? बहुतेक गरिबांची, ज्यांना न्यायला कोणी आले नाही अशांची. त्यांची नावे त्या पुस्तकात कुठेच नाहीत.

चित्रे लाकडाच्या ठोकळ्यांवर काढायची होती, आणि तीही उलटी! ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात ना, तसेच. मग कारागीर ते ठोकळे कोरीत. अशी ३६३ चित्रे त्या पुस्तकात आहेत. कार्टरांनी आणखी एक युक्ती केली. आपल्या जिल्ह्याच्या नकाशात नदीच्या वळणावरच नदीचे नाव छापलेले असते. तसे त्यांनी शिरेवरच शिरेचे नाव लिहिले. त्यामुळे एक बोट चित्रावर आणि दुसरे खालच्या यादीवर, अशी शिकणाऱ्याची ओढाताण थांबली. नुकते वाचायला शिकलेल्या माणसाला ही सोय केवढी मोठी, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

पुस्तक १८५८ साली निघाले. त्याआधी छपाईचा कच्चा कागद ग्रे यांच्याकडे आला होता. त्यावर त्यांनी कार्टरांचा हुद्दा खोडला आणि त्यांचे नाव बारीक अक्षरांत घ्यायला सांगितले. आम्हाला तरी हे काही बरे वाटत नाही. ग्रे यांना पुढे आयुष्य थोडेच लाभले. १८६१ साली ते देवीच्या रोगाने वारले.

पुस्तक बाहेर पडले तेव्हा कार्टर मुंबईत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवू लागले. तिथेच त्यांनी ते सुजलेले पाय पाहिले. रोग नवा नव्हता. मदुराईकडच्या डॉक्टरांनी तो आधी पाहिला होता, म्हणून त्याला मदुरेचा पाय म्हणत. रोग वाढला की पाय कापायचा, एवढाच उपाय होता. कार्टरांनी असे कापलेले पाय चिरून पाहिले. आतली हाडे पोखरलेली होती आणि त्या पोकळ्यांत तेच दाणे भरलेले होते. दाणा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, तर त्यात धाग्यांचे जाळे दिसले. शिळ्या भाकरीवर येते ना, तशा जातीची ही बुरशी! मांसात वाढणारी. कार्टरांनी रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले. १८७४ साली त्यावर चित्रांसह पुस्तक काढले.

एवढे मात्र खरे, की त्यांना सगळे उलगडले नव्हते. पुढे कळले की काही दाणे बुरशीचे नसून जंतूंचे असतात. काळे दाणे बुरशीचेच असतात. पांढरट दाणे दोन्हींचे असू शकतात. जंतूंचा रोग पुष्कळदा औषधांनीच बरा होतो. बुरशीच्या रोगाला महिनोन्‌महिने औषध आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. गाठ लहान असताना दाखवली तर पाय वाचण्याची आशा मोठी. म्हणून दवाखान्यात गेलात तर पुवातून दाणे येतात का आणि कोणत्या रंगाचे, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

कार्टर १८६३ पासून काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. महारोगाचा अभ्यास करायला १८७३ साली ते थेट नॉर्वे देशात गेले. दुष्काळात मुंबईत तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांचे रक्त तपासता तपासता तो ताप त्यांनाही जडला. तरी काम सोडले नाही. १८८८ साली ते निवृत्त झाले. १८९७ साली ते मायदेशी क्षयाने वारले.

शरीररचनेच्या त्या जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. त्यांवर नाव असते ते ग्रे यांचे.