वाई : टाकी तुंबण्याची वाट न पाहणारे शहर

वाई म्हटले की कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोश आठवतो. 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 36 हजार वस्तीच्या या शहराची आणखी एक ओळख आहे आणि नदीकाठच्या गावाला ती शोभून दिसते. 2018 पासून वाई नगरपालिकेने घरोघरच्या सेप्टिक टँकचा उपसा वेळापत्रकाने सुरू केला. टँकर भागाभागाने फिरतो आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी करायची, असे नियोजन आहे. उपसलेला मैला रोज 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. तिथे पाणी वेगळे काढून गाळ उष्णतेने वाळवला जातो. सिन्नरनेही त्याच सुमारास ही वाट धरली. छोट्या शहरांत मैल्याचा प्रश्न यंत्राइतकाच, किंबहुना अधिक, शिस्तीने सुटतो, हे वाईकडे पाहून पटते.

याचे कारण टाकीच्या रचनेतच आहे. सेप्टिक टँक मैला नाहीसा करत नाही. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. गाळ चढत गेला की पाण्याला निवळायला जागाच उरत नाही आणि मैला गटारातून थेट नदीकडे निघतो. घरातल्यांना मात्र काहीच जाणवत नाही. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी उपसा व्हावा असा संकेत असूनही अनेक गावांत टाकी तुंबेपर्यंत कोणी झाकण उघडत नाही. मग घाईने बोलावलेला टँकर मैला एखाद्या ओढ्यात किंवा माळावर ओततो. वेळापत्रक असले तर केंद्राला नियमित मैला मिळतो आणि तो कुठे गेला याचा हिशेबही राहतो.

टाकी भरलेली नसताना पैसे का द्यायचे, असा आक्षेप स्वाभाविक आहे. पण एका घराच्या टाकीतून निसटलेला मैला शेजाऱ्याच्या दारावरून वाहतो, म्हणून हा खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यावा लागतो. वाईने त्यासाठी स्वच्छता कराचा आधार घेतला. एकरकमी खर्चाला घाबरून उपसा टाळणाऱ्या गरीब घराला त्याचा सर्वाधिक लाभ होतो. दुसरा आक्षेप असा, की खरा उपाय भुयारी गटारच. मोठ्या शहरांना तो लागू आहे. मात्र गटारे वाहती राहायला माणशी रोज 135 लिटर पाणी धरले जाते; शिवाय पेठांतले अरुंद बोळ खणायचे, पंप चालवायचे आणि वीजबिल कायम भरायचे. छोट्या नगरपालिकेची तिजोरी हे सारे पेलेलच असे नाही. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. न्हाणी-मोरीचे सांडपाणी आणि टाकीतून बाहेर पडणारे पाणी या व्यवस्थेत येत नाही. कृष्णा स्वच्छ राहायची तर नाल्यांच्या पाण्यावरही प्रक्रिया झालीच पाहिजे. पण ते काम बाकी आहे म्हणून सर्वांत घातक घाण नदीत सोडत राहणे शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्रातल्या असंख्य छोट्या शहरांचा मैला आजही सेप्टिक टँकमध्येच साठतो. आपल्या घरची टाकी शेवटची कधी उपसली आणि तो मैला कुठे गेला, हे प्रत्येकाने आपल्या नगरसेवकाला विचारावे. वाईसारखे वेळापत्रक हवे, असा आग्रहही तिथेच धरावा.