न चावणारा शिकारी

डोंगरउतारावरच्या दाट नेच्यांच्या जाळीत कुठेतरी कुत्रा भुंकतोय. एकसारखा, ठेक्यात, थांबायचं नाव नाही. खाली ओढ्याजवळ उभा असलेला शिकारी कान देऊन ऐकतो आणि घाई न करता चढू लागतो. त्याला डुक्कर दिसलेलं नाही, कुत्राही दिसत नाही. पण आवाजावरून कळलंय की डुक्कर एका जागी उभं आहे आणि कुत्रा त्याच्या समोर, सुळ्यांच्या टप्प्याबाहेर. भुंकणं तुटक झालं असतं, तर डुक्कर पळतंय हे त्याने ओळखलं असतं.

हे दृश्य न्यूझीलंडमधलं. भुईमुगाच्या किंवा मक्याच्या शेतात रात्रभर जागरणं करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही रानडुक्कर काही नवं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे तो मूळचा रहिवासी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय त्याची शिकार करता येत नाही. मग ती बंदुकीने करा की कुत्र्यांकरवी. न्यूझीलंडमध्ये मात्र डुक्कर उपरा. वटवाघळं सोडली तर या बेटांवर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. युरोपियन जहाजांबरोबर डुकरं आली. कॅप्टन कुकनेही १७७३ मध्ये काही सोडली. त्यांचा वंश रानात फोफावला. आजही तिथल्या रानडुकराला 'कॅप्टन कुकर' म्हणतात. (आपल्या शिट्ट्यांच्या कुकरशी त्याचा काही संबंध नाही!) ही डुकरं कुरणं उकरतात, नुकती जन्मलेली कोकरंही खातात. म्हणून तिथला शेतकरी कुत्रे घेऊन येणाऱ्या शिकाऱ्याला सहसा नाही म्हणत नाही.

जामीन नव्हे, खोडा!

या कुत्र्यांचे दोन प्रकार. एक डुकराचा कान धरून त्याला जागीच दाबून ठेवणारा. दुसरा अंगाला तोंड न लावता, नुसता भुंकून आणि हुलकावण्या देऊन त्याला अडवून धरणारा. या दुसऱ्या कामाला तिकडे 'बेल' करणं म्हणतात. आपल्याला बेल म्हटलं की कोर्टातला जामीन आठवतो, पण हा शब्द गोठ्यातला आहे. धार काढताना गायीची मान ज्या लाकडी चौकटीत अडकवतात तिला ऑस्ट्रेलियात 'बेल' म्हणत. पुढे वाटमारी करणारे दरोडेखोर प्रवाशांना 'बेल अप!' म्हणजे 'जागचे हलू नका' असं दरडावू लागले. आता तेच काम कुत्रा करतो.

धरणारा कुत्रा शूर खरा, पण त्याचं आयुष्य बेभरवशाचं. नर डुकराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून आपोआप धारदार होत राहतात. खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. अशा प्राण्याच्या अंगावर जाण्यापेक्षा अंतर राखून उभं राहणं शहाणपणाचं. पण हे शहाणपण वर्षभराच्या उतावळ्या कुत्र्याच्या अंगी आणायचं कसं? 'भुंक, पण चावू नकोस' असं त्याला सांगणार कोणत्या भाषेत?

आधी मेंढ्या, मग डुक्कर

पिल्लू निवडताना जातीपेक्षा आईबाप बघतात. बहुतेक कुत्रे मिश्र जातीचेच. मेंढपाळी कुत्र्याचं रक्त असलं तर उत्तम, कारण जनावराला न चावता वळवणं त्याच्या उपजतच असतं. पहिले काही महिने डुकराचं नावही काढायचं नाही. नाव ओळखणं, गाडीत गप्प बसणं, ओढा ओलांडणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हाक मारताच परत येणं. पुढे कधीतरी पिल्लं असलेली डुकरीण समोर येईल आणि मालकाला तिला सोडून द्यावंसं वाटेल. तेव्हा न ऐकणारा कुत्रा काय कामाचा?

मग दोरी बांधून त्याला मेंढ्या, गुरं, कोंबड्या यांच्यामधून फिरवतात. त्यांच्याकडे नजर वळली की लगेच दरडावायचं. इथे ढिलाई चालत नाही. मेंढ्यांवर हल्ला करताना सापडलेल्या कुत्र्याला शेतकरी तिथल्या तिथे मारू शकतो, तशी तरतूद १९९६ च्या कुत्रे नियंत्रण कायद्यात आहे. दरम्यान डुकराच्या कातडीचा तुकडा गवतातून फरफटत नेऊन लपवायचा आणि पिल्लाला वासावरून शोधायला लावायचं, हा खेळही चालू असतो.

खरी परीक्षा पहिल्या डुकराची. बरोबर एकच जुना, मुरलेला, भुंकून अडवणारा कुत्रा न्यायचा. धरणाऱ्या कुत्र्यांच्या टोळीत पिल्लू सोडलं तर ते धरायलाच शिकणार. पहिलं डुक्कर केवढं असावं यावर मात्र शिकाऱ्यांचे वाद रंगतात. फार लहान असलं तर पिल्लू त्याला सहज पकडतं, त्याला चटक लागते आणि तीच युक्ती ते एक दिवस जुन्या नरावर करायला जातं. पहिल्याच खेपेला मोठा नर भेटला, तर जखमेपेक्षा धास्ती वाईट. असा कुत्रा पुन्हा डुकराच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. म्हणून उभं राहून तोंड देईल, पण फाडणार नाही असं मध्यम डुक्कर बरं, असं मला तरी पटतं. अर्थात रानात डुक्कर मागणीप्रमाणे मिळत नाही!

जुना कुत्रा पुढे, पिल्लू मागे. डुकराने मुसंडी मारली की जुना बाजूला सरकतो, वळलं की मागून हूल देतो. पिल्लू बघतं, चुकतं, पुन्हा बघतं. मालकाने या वेळी आरडाओरडा करून चेव आणायचा नाही. कारण मालक पोहोचतो तोच क्षण धोक्याचा. धनी पाठीशी आला की पिल्लाला हत्तीचं बळ येतं आणि ते अंतर विसरून आत घुसतं. म्हणून मुकाट्याने, वारा बघून जवळ जायचं, कुत्रे बाजूला असताना एकाच गोळीत काम संपवायचं आणि मगच पाठ थोपटायची.

डुकराच्या बाजूने कोण बोलणार, हा प्रश्न मनात येतोच. धरणाऱ्या कुत्र्यांच्या तुलनेत इथे त्याचे हाल कमी, पण घेरल्याची भीती असतेच.

आणखी एक जीव या रानात आहे, किवी. उडता न येणाऱ्या या पक्ष्याच्या छातीला इतर पक्ष्यांसारखा मजबूत हाडाचा कणा नसतो. कुत्र्याने नुसतं तोंडात धरलं तरी तो दगावतो. १९८७ मध्ये वैतांगीच्या जंगलात एकट्या भटक्या कुत्रीने काही आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारल्याचा अंदाज अभ्यासकांनी केला होता. त्यामुळे किवी असलेल्या सरकारी जंगलात कुत्रा न्यायचा तर त्याला 'किवी टाळण्याचं' प्रशिक्षण द्यावं लागतं. मेलेला किवी किंवा त्याची विष्ठा वाटेत ठेवतात. कुत्रा हुंगायला गेला की गळ्यातल्या पट्ट्यातून विजेचा झटका. ठराविक काळाने पुन्हा चाचणी. ज्या नाकाला वर्षभर वास शोधायला शिकवलं, त्यालाच हा एक वास सोडून द्यायला शिकवायचं!

आता कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाने ठिकाण दाखवणारे पट्टे आले, छातीला जाड कवचं आली. तरी संध्याकाळचं एक काम अजून हातानेच होतं. गाडीजवळ आल्यावर पाणी पाजून मालक पिल्लाला आडवं करतो आणि केस उलटे फिरवत काखा, मांड्यांच्या आतल्या बाजू, मान बोटांनी चाचपतो. सुळ्याच्या जखमेचं तोंड बारीक असतं, खोली मात्र मोठी. पिल्लू एव्हाना झोपलेलं असतं.