खोक्यावरचे वॅट आणि गाडीतला आवाज

पहिली गाडी घेतलेला बोईसरचा तरुण पहिल्या दोन-चार पगारांत एक काम हमखास करतो. गाडीत 'सिस्टीम' बसवतो. पाळी सुटल्यावर एमआयडीसीतून बाहेर पडायचं, चिल्हार फाट्याचा रस्ता धरायचा, हायवेला लागून मनोरला चहा घ्यायचा आणि वाटेत आपलं गाणं ऐकायचं. ही हौस मला मनापासून पटते. आठ-बारा तास यंत्रांचा आवाज ऐकलेल्या माणसाला स्वतः निवडलेला आवाज हवा असतो. त्यात चैन कसली?

वाईट एवढंच वाटतं, की त्याचे पैसे बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यावर जातात. दुकानात तो विचारतो, "किती वॅटचा?" खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं 1000, 2000, कधी 3000. मोठा आकडा उचलला जातो आणि महिन्याभरात आवाज फाटायला लागतो.

अँप्लिफायर म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला धामणी धरणाकडे बोट दाखवून सांगता येतं. दरवाजाचं चाक फिरवायला माणसाची ताकद पुरते, पण त्या इशाऱ्यावर सूर्या नदीचं अफाट पाणी कमी-जास्त होतं. अँप्लिफायरमध्ये चाक फिरवतो तो गाण्याचा क्षीण सिग्नल आणि पाणी म्हणजे गाडीच्या बॅटरीची वीज. दरवाजा पाणी निर्माण करत नाही. धरणात आहे तेवढंच तो सोडतो.

कंपनीच्या स्टिरिओतही छोटा अँप्लिफायर असतोच. 'चार गुणिले 50 वॅट' असं त्यावर बिनदिक्कत लिहिलेलं असतं. आता हिशेब करू. इंजिन चालू असताना गाडीत फार तर 14.4 व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टेजवर 4 ओहमच्या स्पीकरला न फाटता मिळू शकणारी शक्ती गणिताने 26 वॅटच्या पुढे जातच नाही. आतली गळती धरली तर हातात येतात 18 ते 20. त्याहून मागाल, तर लाटेचा माथा वरून कापला जातो. गोलाई जाते, सपाटी येते आणि कानाला खरखर लागते. आवाज 'फाटणं' ते हेच. वेगळ्या अँप्लिफायरची खरी करामत ही, की तो 12 व्होल्ट आधी आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून माथा कापला न जाता मोठी लाट उभी राहते.

खोक्यावर 'आरएमएस' नावाचा एक आकडा असतो, बहुधा बारीक अक्षरात. सतत देता येणारी शक्ती ती. 'मॅक्स' आणि 'पीक' हे क्षणभराचे आकडे, आणि ते कसे मोजले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आरएमएस 4 ओहमला, 14.4 व्होल्टवर आणि 1 टक्क्याहून कमी विकृतीला दिलेला असेल, तर तो विश्वासाचा. यासाठी अमेरिकेत 2003 मध्ये सीईए-2006 हे मानक आलं. त्या पद्धतीने मोजलेला आकडा दिसला तर डोळे झाकून बाकीचे आकडे विसरा.

तोही नसेल तर अँप्लिफायर उलटा करा आणि फ्यूज बघा. 2000 वॅटच्या डब्याला 25 ॲम्पिअरचा एकच फ्यूज असेल, तर 25 गुणिले 14, म्हणजे 350 वॅट आत जाणार. आत जाईल त्याहून जास्त बाहेर कसं पडेल? तारापूरच्या अणुवीज केंद्राचा 540 मेगावॅटचा संचसुद्धा स्वतःच्या पंपांना लागणारी वीज वजा करूनच उरलेली बाहेर पाठवतो. जुन्या 'एबी' वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये जवळपास निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे त्या 2000 च्या डब्यातून सगळ्या चॅनेलांचे मिळून 200 वॅटही जेमतेम. 'डी' वर्गाचा अँप्लिफायर 80 टक्क्यांच्या वर वीज कामाला लावतो, कमी तापतो आणि आकाराने लहान असतो.

मग लागतात तरी किती वॅट? साधारण बरा स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर 90 डेसिबल देतो. हा आवाज चांगलाच मोठा आहे. मग एका वॅटवर का भागत नाही? कारण गाणं सपाट नसतं. ढोलकीची थाप सरासरीच्या 15 डेसिबल वर सहज उडी मारते आणि दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. 1, 2, 4, 8, 16, 32. पाच उड्यांत 32 वॅट झाले. 20 वॅटचा स्टिरिओ नेमका थापेलाच का कोलमडतो आणि 50 आरएमएसचा अँप्लिफायर का निवांत राहतो, याचं उत्तर या ओळीत आहे.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. 50 ऐवजी 100 वॅट घेतले तर फरक 3 डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. पण कानाच्या सुरक्षेचा हिशेबही 3 डेसिबलनेच चालतो: 85 डेसिबल आठ तास, 88 चार तास, 91 दोन तास, 94 एकच तास. ज्याने दिवसभर लूम किंवा कॉम्प्रेसरजवळ काढला आहे, त्याच्या कानांचा दिवसाचा वाटा गाडीत बसण्याआधीच खर्च झालेला असतो. त्याला जोराचा आवाज नको, स्वच्छ आवाज हवा. फाटलेला आवाज आपण नकळत आणखी वाढवतो, कारण शब्द कळत नाहीत. स्वच्छ आवाज कमी ठेवूनही भागतं.

म्हणून नवख्याला माझा सल्ला सरळ आहे. डी वर्गाचा, प्रत्येक चॅनेलला 50 ते 75 वॅट आरएमएसचा फोर चॅनेल अँप्लिफायर घ्या. दोन चॅनेल पुढच्या दारांतल्या स्पीकरना द्या. उरलेले दोन आज मागच्या स्पीकरना द्या. उद्या बेस हवासा वाटला, तर ते ब्रिज करून, म्हणजे दोन्हींचा एक करून, एका 4 ओहमच्या सबवूफरला जोडता येतात. नुसत्या बेससाठी मोनो अँप्लिफायर घेऊन दारांत कंपनीचेच कागदी स्पीकर ठेवणं हा उलटा क्रम आहे, आणि आपल्याकडे तोच जास्त दिसतो.

आपल्याकडच्या कितीतरी गाड्या सीएनजीवर आहेत. डिकी टाकीने भरलेली, त्यामुळे अँप्लिफायर जातो सीटखाली. तिथे छोटा डी वर्गच बसतो. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. तळाच्या पत्र्याला स्क्रू मारताना कारागिराला थांबवा आणि खाली काय आहे ते बघायला लावा. गाडीच्या पोटाखालून गॅसची नळी जाते आणि टाकीत गॅस 200 बारच्या दाबाने भरलेला असतो. टाकीच्या पट्ट्यांना किंवा नटबोल्टला अर्थिंग जोडू देऊ नका. आणि आपला पाऊस लक्षात घेऊन डबा गालिच्यावर न ठेवता दोन बोटं उंच बसवून घ्या.

वायरिंगची चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या गाडीत बॅटरीपासून निघालेली वायर इंजिनच्या पत्र्याच्या भोकातून तशीच आत घेतली होती. रबरी बुश नाही आणि फ्यूज होता तो मागे, अँप्लिफायरपाशी. जुलैतल्या एका रात्री मासवण ओलांडलं आणि डॅशबोर्डखालून जळका वास आला. पत्र्याच्या कडेने आवरण कापलं होतं. बॅटरीचा नट सोडवेपर्यंतची ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही. बॅटरीकडचा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आतच हवा, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी वीज तिथेच तुटते.

चार गुणिले 50 वॅटच्या डी वर्गाला पूर्ण जोरात साधारण 18 ते 20 ॲम्पिअर लागतात, एबी वर्गाला 30 च्या घरात. त्याला 8 गेजची अस्सल तांब्याची वायर आणि 40 ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं. ती वायर तांब्याच्या दोन-तृतीयांश एवढीच वीज वाहते. सातपाटी, केळवे, चिंचणीच्या खाऱ्या हवेत आणि एमआयडीसीच्या धुरात तिची टोकं पांढरी पडतात. एक टोक कापून चाकूने खरवडा, आत चंदेरी दिसलं तर परत करा. अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरहून लहान ठेवा, खालचा रंग पूर्ण घासून काढा आणि जोडावर ग्रीस लावा. सिग्नलची वायर वीजवायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर वर-खाली होणारी शिटी ऐकू येत राहील.

नव्या गाडीचा कंपनी स्टिरिओ काढायची गरज नाही. स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा, 'हाय लेव्हल इनपुट' असलेला अँप्लिफायर मागा आणि जोडणी कपलरने करून घ्या. मूळ वायर कापली तर विजेच्या बिघाडाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

शेवटी गेनचं बटण. त्याला लोक आवाजाचं बटण समजतात. ते स्टिरिओच्या सिग्नलशी अँप्लिफायरची जोडी जुळवण्यासाठी असतं. दुकानातून निघण्याआधी पाव तास मागून घ्या. गेन शून्यावर, बेस बूस्ट बंद, दारांच्या स्पीकरना 80 हर्ट्झचा हाय पास, म्हणजे त्याखालचा बेस अडवणारी चाळणी. तुम्हाला तोंडपाठ असलेलं गाणं लावा, ज्यात सुरुवातीला नुसता गळा आहे आणि मग ठेका येतो. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश करा आणि गेन हळूहळू चढवा. गळ्यावर पहिली खरखर येईल तिथे थांबा, थोडं मागे या. मग ठेका येऊ द्या. ठेका आल्यावरही गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत असेल, तर गेन तिथेच राहू द्या.