आवळलेली छाती आणि कोंडलेला श्वास

विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. तरीही त्यावर लिहिणे भाग आहे, कारण छाती सपाट दिसावी म्हणून ती आवळून बांधणारी मंडळी फक्त मुंबई-पुण्यातच असतात असे नाही. आपल्या मोरगाव-सुपे भागातून रोज एस.टी.ने बारामतीला कॉलेजला जाणाऱ्यांतही ती असू शकतात. घरी सांगता येत नाही, डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. मग मेडिकलच्या दुकानातून क्रेप बँडेज आणले जाते आणि दार लावून छातीभोवती गुंडाळले जाते. त्रासाची सुरुवात बहुधा येथूनच होते.

छाती बांधणारे मुख्यतः दोन प्रकारचे. काहीजण जन्मतः मुलगी म्हणून नोंदले जातात, पण मनाने स्वतःला पुरुषच मानतात. त्यांना पारलिंगी पुरुष म्हणतात. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांचे नाव वाचकांना आठवत असेल. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया करायची असते किंवा परवडते असे नाही. अशांपैकी कित्येकांना छाती बांधल्याशिवाय चारचौघांत वावरणे नकोसे होते. हा नटवेपणा नव्हे.

दुसरा प्रकार हौशी कलाकारांचा. स्नेहसंमेलनात किंवा शिवजयंतीला मावळ्याची भूमिका करणारी मुलगी, एकांकिकेत पुरुष उभा करणारी अभिनेत्री, आणि अलीकडे चित्रकथांतील पात्रांचे हुबेहूब वेष करून मेळाव्यांना जाणारी, ज्याला कॉस्प्ले म्हणतात ते करणारी तरुण मंडळी. यांचे काम चार-दोन तासांचे असते, पण घाईत हाती लागेल त्याने बांधण्याची खोड यांनाच जास्त.

आता शरीराचे पाहू. बरगड्यांच्या बारा जोड्या म्हणजे पक्का पिंजरा नव्हे. श्वास घेताना त्या वर आणि बाहेर सरकतात, खालचा पडदा खाली उतरतो आणि फुप्फुसांत हवा शिरते. पिंजरा चहूबाजूंनी आवळला की श्वास उथळ होतो. खोकून कफ बाहेर टाकणे जड जाते, मान व पाठीचे स्नायू नको तितके राबतात, आणि फार दाब पडला तर बरगडी दुखावते, क्वचित मोडतेही.

क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्यासाठी केलेले असते. छातीवर त्याचे वेढ्यावर वेढे पडतात. हालचालीने ते सरकून कुठे सैल तर कुठे दोरीसारखे घट्ट होते आणि श्वासागणिक पुन्हा आत ओढत राहते. चिकटपट्टी, पॅकिंगची टेप, प्लॅस्टिकचा कागद यांचे तर नावच काढू नये. त्यांना ताण नाही, घाम जिरत नाही, आणि काढताना कातडी सोलून निघते.

मग वापरायचे काय? एक दिवसाच्या भूमिकेसाठी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाड कापडाचा सैल अंगरखा एवढे पुष्कळ होते. रोजची गरज असेल तर बाइंडर नावाचे खास घट्ट विणीचे बनियन मिळते. टेपने छातीचे माप घेऊन, बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणेच ते घ्यावे. एक माप लहान घेतले की जास्त सपाट दिसेल हा समज सोडावा. एकावर एक दोनही घालू नयेत. घातल्यावर पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, खोकता आले पाहिजे, जिना चढताना बोलता आले पाहिजे. यांतले एकही जमत नसेल तर ते माप आपले नव्हे.

सलग आठ तासांपेक्षा अधिक नको, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हा आकडा प्रयोगशाळेतून नव्हे, अनुभवातून आला आहे. मला विचाराल तर जितके कमी तितके बरे. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्याचे बारा तास होतात. त्याने मधल्या सुट्टीत आडोसा पाहून अर्धा तास तरी मोकळे व्हावे, परतीच्या प्रवासात गडद रंगाच्या ढगळ, खिसेवाल्या शर्टावर भागवावे. झोपताना, धावताना, शेतात अंगमेहनत करताना आणि सर्दी-खोकला असताना बांधू नये. दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत ३८ देशांतील १,८०० जणांनी माहिती दिली होती. शंभरातील ९७ जणांना काही ना काही त्रास झाला होता आणि निम्म्याहून अधिकांची पाठ दुखत होती. आठवड्यातील जितके दिवस बांधले जाई तितका त्रास अधिक, असेही दिसले. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवीच. मात्र बांधल्याने मनाची घालमेल कमी होते, असेही याच लोकांनी सांगितले होते. केवळ ‘सोडून दे’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

आपल्याकडे उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की बाइंडरखाली घाम साचतो, घामोळे येते आणि स्तनाखाली गजकर्ण धरते. आत पातळ सुती बनियन घालावे, बाइंडर रोज धुऊन पूर्ण वाळवावा, दोन असतील तर आलटून-पालटून वापरावेत. खाज सुटली म्हणून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोळू नये. त्याने चार दिवस बरे वाटते आणि पुढे गजकर्ण अधिकच पसरते.

घरच्यांना एक सांगणे आहे. मुलाने किंवा मुलीने बांधलेले बँडेज हाती लागले तर आरडाओरडा करू नका. धाक बसला की ते बांधणे थांबत नाही, काढणे थांबते. मग ते रात्रीही अंगावर राहते. घरात निदान एक खोली अशी असावी, की जिथे ते काढून मोकळा श्वास घेता येईल.

छातीत एकाच जागी टोचणारी कळ, श्वास घेताना दुखणे, धाप, चक्कर, बोटांना मुंग्या, यांपैकी काहीही झाले की बांधलेले लगेच सोडावे. सोडल्यावरही कळ किंवा धाप राहिली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बांधल्याने कर्करोग होतो असे आढळलेले नाही, परंतु स्तनात गाठ लागली तर लाजेपायी ती लपवून ठेवू नये. तपासणीला व एक्स-रेला जाताना बाइंडर काढावा आणि रोज किती तास घालतो ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रुग्ण बेशुद्ध पडला असेल तर डोक्यावरून ओढून काढण्याच्या भानगडीत न पडता तो सरळ कात्रीने समोरून कापावा.