लळिंगचा मेळा आणि रोमचा कॉन्सल

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी त्या दिवशी धुळे-जळगावचा आपला समाज तिथे लोटतो. आम्हीही जातो. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा अनुवाद घरोघरी आहे, पण त्यातला रोमचा उतारा किती जणांनी वाचला?

कॉन्सल म्हटले की आज परदेशात पासपोर्ट-व्हिसा पाहणारा अधिकारी आठवतो. रोमच्या प्रजासत्ताकात मात्र तो सर्वोच्च सत्ताधारी. दरवर्षी दोन निवडले जात. तिथल्या बहुजनांनी, म्हणजे प्लेबियनांनी, झगडून इ.स.पू. 367 मध्ये त्यातले एक पद मिळवले. तरीही त्यांचा खंबीर माणूस त्या खुर्चीत बसेना, असे बाबासाहेबांनी 1936 साली मांडले. त्यांनी दिलेले कारण असे: कॉन्सल डेल्फीच्या देवीला मान्य असावा लागे आणि पुजारी उच्चकुलीन पॅट्रिशियन! मते बहुजनांची, कौल पुजाऱ्याचा.

वक्ता सिसेरो घराण्यातला पहिलाच कॉन्सल. इ.स.पू. 63 मध्ये पदावर बसताच गरिबांना जमीन देणाऱ्या विधेयकाविरुद्ध तो बोलला. काय ते वक्तृत्व! भाषणकलेचा नमुना म्हणून आजही शिकवतात. 1959 साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात उतरलेल्या खानदेशी माणसांनी ही भाषणे ऐकली असती तर?

भुसावळची विधानसभा जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार आपल्यातलाच असतो. पण त्याला कौल कोणत्या डेल्फीतून येतो, हे लळिंगच्या मेळ्यात एकदा विचारूया. तो उतारा तिथेच मोठ्याने वाचूया.